अन्नपूर्णेची तीनशे चित्रं

शुक्रवार, ४ मार्च १९९४

आज आले:
पोस्टर, अन्नपूर्णेचं रंगीत चित्र, खाली छापील पत्ता, नग ३०० – रु. २७०
मैदा, २ किलो – रु. १६
मोठा कुंचा, जुना – रु. ५
छापखान्यापासून सायकलवाल्याची मजुरी – रु. ६
एकूण रु. २९७. तीनशेत बसवायचं ठरवलं होतं, बसलं. आणि देवी आली तीही शुक्रवारी.

ही चित्रं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरांची आहेत. कोणी व्यापाऱ्याने छापखान्यात मागवली आणि न्यायला आलाच नाही. खाली चार बोटं कोरी पट्टी असते, तिच्यावर दुकानाचं नाव घालायचं. ह्यांचं म्हणणं होतं, पिवळा कागद आणि ठळक काळी अक्षरं, लांबून वाचता येतात. पण तीही पडत होती जवळजवळ तेवढ्यालाच. तेवढ्याच पैशात हातात पळी घेतलेली साक्षात अन्नपूर्णा मिळत असताना नुसती अक्षरं कोण घेईल? पट्टीवर असं छापलंय:

श्री अन्नपूर्णा मसाला कांडप केंद्र, पिंपळाजवळ, गोडदेव नाका, भाईंदर (पूर्व), ४०११०५. मिरची-मसाला डोळ्यांदेखत कुटून मिळेल. रविवारी चालू.

ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा मिळालेल्या पैशांतून हा गाळा आणि जुना डंका घेतला. परळची खोली सोडली. डंका म्हणजे काय ते आधी मलाही माहीत नव्हतं. लोखंडी मुसळं विजेवर वर-खाली होतात आणि मिरची कुटली जाते, एवढंच. गाळ्यात मागे फळ्या ठोकून आम्ही दोघं राहतो. तिखट उडतं ते फळ्यांना जुमानत नाही. आमच्या लेकीला, मानसीला, पहिल्या आठवड्यातच असा खोकला लागला की जून महिन्यात तिला संगमेश्वरला ताईंकडे पाठवावं लागलं. सुचेताताई ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांना मूलबाळ नाही. मानसीचं त्या अगदी मनापासून करतात, त्याबद्दल तक्रार नाही.

पण गेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलंय. "चौथीचा निकाल लागला की शाळा बदलतेच. अक्षय तृतीयेपर्यंत तुमची वेगळी खोली झाली तर पोर घेऊन जा. नाहीतर मी तिचं नाव इथल्या हायस्कुलात घालते आणि मग दहावीपर्यंत हलवायचं नाही. पोरीला दर वर्षी उपटून दुसरीकडे लावता येत नाही."

खोटं काही लिहिलेलं नाही, म्हणूनच दोन दिवस घास उतरला नाही. अक्षय तृतीया तेरा मेला आहे. खोली घ्यायची तर गिऱ्हाईक हवं. गिऱ्हाईक यायचं तर त्याला कळायला हवं. म्हणून हे तीनशे रुपये.

एक पोस्टर गुंडाळून मानसीला टपालाने पाठवलं. राहिली २९९. देवीसमोर गठ्ठा ठेवून हळदकुंकू वाहिलं.

रविवार, ६ मार्च

सिनेमाची पोस्टरं चिकटवणारा दशरथ आला होता. चाळिशीचा गडी, पान खातो, पण माणूस कामाचा आहे. मी स्टोव्हवर खळ शिजवून ठेवलेली बघून तो म्हणाला,

"वहिनी, ह्यात मोरचूद कुठाय?"

"तो कशाला?"

"गाय खात नाय मग कागद. नायतर मैदा चाटून चाटून भिंत साफ करते."

"म्हणजे गाईला विष घालू? तेही देवीच्या चित्रामागून?"

त्याने कानाला हात लावला. मग खळीत बोट बुडवून वर धरलं. "बरं, मोरचूद नको. पण ही खळ आहे का ताक? बोट ओलं होतंय, चिकटत नाय."

दोन किलो मैद्यात तीनशे बसवायची म्हटल्यावर खळ पातळच होणार. मी त्याला सांगितलं, "तू लावायचं काम कर." आणि नियमही सांगून ठेवले. गटाराजवळ नको. बारच्या भिंतीवर नको. मुतारीच्या आसपास तर नकोच. माणसाच्या डोक्याच्या खाली नको.

"मग राहिलं काय, वहिनी? आभाळ? शिडी द्या, तिथं चिकटवतो."

हे आत मशीनला तेल घालत होते, तिथून मोठ्याने हसले. किती दिवसांनी हसले! दशरथला त्याच्या बोलण्यासाठी एक कप चहा जास्त दिला.

शंभर नेली. नाका, स्टेशन रोड, इमारतींची फाटकं. त्यातली दहा डोंगरीकडे. तिकडच्या बस स्टॉपवर त्याला सिनेमाची लावायचीच होती.

बुधवार, ९ मार्च

भाजीच्या निमित्ताने स्टेशनपर्यंत चालत गेले. भिंतीभिंतीवर देवी. सोसायटीच्या फाटकापाशी एक बाई दुधाची पिशवी काखेत धरून पोस्टरला नमस्कार करत होती. माझा ऊर भरून आला. पिवळ्या कागदाला कोणी हात जोडले असते का?

परत येताना नीलम भेटली. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, नवीन लग्न झालंय. म्हणाली, "काकू, एक देता का घरी लावायला? किती प्रसन्न चेहरा आहे हो."

मी म्हटलं, "जाहिरातीची आहेत गं, वाटायची नाहीत." मोजून आणलेली वस्तू अशी देत सुटले तर कसं व्हायचं? ती बिचारी हिरमुसली आणि फाटकावरच्या पोस्टरकडे बघत उभी राहिली.

शनिवार, १२ मार्च

पोस्टरं नाहीशी झाली आहेत!

नाक्यावर चौदा होती, तीन राहिली. नीलमच्या फाटकावरचं गेलं. स्टेशन रोडची निम्मी गेली. एक गाईने खाल्लं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचं दुःख नाही, गाईच्या पोटात गेलं. बाकीची कुठे गेली?

दशरथला बोलावून दाखवलं. त्याने भिंतीवरून हात फिरवला. "फाडली असती तर तुकडे राहिले असते, वहिनी. ही कोणीतरी अलगद सोडवलीत. चारी कोपरे धरून."

म्हणजे करणारा हुशार आहे. खूण ठेवत नाही. नाव घ्यायला नको, पण ह्या वहीत खोटेपणा कशाला? नाक्यावर नाथाभाऊची गिरणी आहे, वडिलांपासूनची. पिठाच्या दोन चक्क्या आणि एक डंका. आम्ही आलो तेव्हापासून तो माणूस आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो. दुसऱ्या कोणाला गरज पडली आहे?

हे म्हणाले, "पाहिल्याशिवाय कोणाचं नाव घेऊ नये." ह्यांचा स्वभावच असा.

गुरुवार, १७ मार्च

मानसीचं पत्र.

"प्रिय आई, देवी पोचली. मी ती माझ्या अंथरुणाशेजारी भिंतीला लावली आहे. आत्याने चार खिळे दिले. शेजारच्या काकू आल्या की मी त्यांना खालचं वाचून दाखवते. मला एक कोंबडीचं पिल्लू मिळालं आहे. खोकला नाही. तुझी मानसी."

पिल्लू मिळालं आहे. तिथे रमली म्हणायची. रमावी असंच तर वाटत होतं. मग हे पत्र वाचून बरं का वाटत नाही?

आज गिऱ्हाईक एकही नाही.

बुधवार, २३ मार्च

रविवारी आणखी साठ लावून घेतली. आज त्यातली वीससुद्धा दिसत नाहीत. दोन गटाराकडेला पडलेली सापडली. एकावर चपलेचा ठसा होता. ओल्या फडक्याने पुसली, घरी आणून देव्हाऱ्यामागे ठेवली. मीच तुला रस्त्यावर बसवलं, माते. तुला ते रुचलं नसेल, म्हणून तू निघून चालली आहेस की काय?

नीलम अर्धा किलो धणे कुटायला घेऊन आली होती. मी विचारलं, "गाळा सापडला ना गं लगेच?" तर हसून म्हणाली, "पत्ता काय शोधायचा, काकू? उठता-बसता दिसतो."

उठता-बसता दिसायला ती काय नाक्यावर बसते? हल्लीच्या मुली बोलायचं म्हणून बोलतात.

मंगळवार, २९ मार्च

होळीला पुरण केलं, वाटीभर.

वसईचे एक गृहस्थ डंका बघून गेले. विकत मागतायत. मी विचारल्यावर हे मान खाली घालून म्हणाले, "पाडव्यानंतर पंधरा दिवस बघू. मग मात्र द्यावा लागेल. वापीला एका कारखान्यात सुपरवायझरची जागा आहे म्हणतात." वापीला खोली मिळत नाही, एकट्यानेच राहावं लागेल. म्हणजे मानसी संगमेश्वरला, हे वापीला, आणि मी कुठे?

पिवळ्या कागदाबद्दल ह्यांनी एकदाही काढलं नाही. 'मी सांगत होतो' असं म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

शनिवार, २ एप्रिल

ताईंचं कार्ड. "हायस्कूलचा फॉर्म आणून ठेवला आहे. भरलेला नाही. तुमचं काय ठरतंय?"

उत्तर काय लिहू? कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं.

मंगळवार, १२ एप्रिल

काल पाडवा झाला. गुढी गाळ्याच्या शटरला बांधली.

आज मात्र माझ्याने राहवलं नाही. सकाळी गटाराकडेला सापडलेली ती दोन्ही पोस्टरं पिशवीत घातली आणि सरळ नाथाभाऊच्या घरी गेले, गिरणीच्या मागे. ह्यांना सांगितलं नाही. जपाची माळ पिशवीतच होती, तिचाच काय तो आधार.

नाथाभाऊ ओट्यावर दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस. मी म्हटलं, "भाऊ, धंद्यात चढाओढ असते, मान्य आहे. पण देवीच्या चित्राला हात लावताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

"कसला चित्र?"

मी पिशवीतून काढून दाखवलं.

त्याने वस्तरा खाली ठेवला. "ओ बाय, मी कनाला काढू देवीचा कागद? मना काय नरकान जायाचं हाय?" आणि ओरडला, "कमले! बघ, आपलेवर चोरीचा आल आलाय!"

त्याची बायको कमळाबाई हात पुसत बाहेर आली. पोस्टर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून अशी हसायला लागली की तिला खाली बसावं लागलं.

"हसतंस काय?" तो म्हणाला.

"मीच हाय ती चोर! आवो, रोज तिचे म्होरं उदबत्ती लावता नं तुम्ही? ती कोन मंग?"

तिने मला हाताला धरून आत नेलं. चुलीच्या वरच्या भिंतीवर माझं पोस्टर. चौकट करून, काच लावून! झेंडूची माळ, कपाळावर खरं कुंकू. आणि काचेतून स्वच्छ वाचता येतंय, श्री अन्नपूर्णा मसाला कांडप केंद्र, रविवारी चालू.

नाथाभाऊ दारातून वाकून बघत होता. त्याने बहुतेक खालची ओळ पहिल्यांदाच वाचली. "आयला," म्हणाला, "एक म्हैना मी ह्याच्याच पाया पडतंय?"

कमळाबाई म्हणाली, "पाट घेऊन गेलतू मी नि माजी जाव. इतकी झ्याक देवी, ती काय उन्हान ठेवाची? तुमची खळ पन ब्येस, हात लावला का सुटते. आमचे आळीन समद्यांचे घरान हाय."

मी पाटावर बसले. तिने चहा दिला. माझ्या डोळ्यांत पाणी बघून म्हणाली, "धंदा नाय म्हनून रडतंस? मिर्ची चैतान येते, वालते, मंग कुटतान. तू फाल्गुनानच रडाला बसलीस, मुंबईवाली!"

नाथाभाऊ उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवून निघून गेला. त्याची माफी मागायची राहिली. उद्या जाऊन मागेन. एकादशी धरीन, ह्या संशयाचं प्रायश्चित्त म्हणून.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पुन्हा हसले, इतके की डंक्यावरचा डबा पडला.

शुक्रवार, १५ एप्रिल

मृणालिनीताईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. नीलमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात, दादरहून आलेल्या. कैरीची डाळ फार छान झाली होती, गूळ जरा जास्त. पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकावले. ओट्याच्या वर अन्नपूर्णा! निघताना त्याच जिन्यात आणखी चार घरांत हळदीकुंकू होतं. चारांपैकी तीन स्वयंपाकघरांत. नीलमकडे तर पोळपाटाच्या अगदी समोर. मला बघून ती लाजली. "काकू, तुम्ही नाही म्हणालात, मग मी फाटकावरचं..."

उठता-बसता दिसतो म्हणाली होती ती. शब्दन् शब्द खरा होता.

गाळ्याकडे परत येताना डोकं नुसतं गरगरत होतं. म्हणजे देवी निघून गेलीच नव्हती. घरोघरी जाऊन बसली होती. आणि मी खुळ्यासारखी भिंतींना वाटत होते. भिंत कधी मिरची कुटायला येते का?

शिल्लक पोस्टरं मोजली. एकशे एकोणचाळीस. आता एकही भिंतीला लावायचं नाही. दशरथला निरोप धाडला. तो म्हणाला, "माझी मजुरी बुडवलीत, वहिनी! आणि सगळी करामत माझ्या त्या ताकाची." मी म्हटलं, "ताक माझं होतं."

मंगळवार, १९ एप्रिल

आज आमच्याकडे हळदीकुंकू केलं. गाळ्यातच! डंका धुऊन पुसून त्यावर माझी लग्नातली जरीची साडी पसरली, वर चौरंग, चौरंगावर गौर. आधी ह्यांना संकोच वाटत होता, मग स्वतःच आंब्याचे डहाळे घेऊन आले.

बेचाळीस सवाष्णी आल्या. भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ, पन्हं, आणि प्रत्येकीला एकेक देवी, सुतळीने बांधलेली. कमळाबाई आळीतल्या पाच जणींना घेऊन आली. मृणालिनीताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मनोरमाताई, एवढा मोठा देव्हारा आमच्यापैकी कोणाकडे नाही हो. आवाज कसा करतो तुमचा देव?"

ह्यांनी गौर उचलून चौरंग बाजूला केला, साडी काढली आणि बटण दाबून दाखवलं. बायका दचकल्या आणि मग हसल्या. एकीने लगेच विचारलं, "किलोमागे काय घेता?"

सोमवार, २५ एप्रिल

लिहायला वेळ नाही. अंगाला, केसांना, वहीलाही तिखट. सकाळपासून अकरा जणी. पाण्याच्या पिंपाशेजारी पिशव्यांची रांग लावावी लागली.

गंमत म्हणजे आज पहिला नंबर कमळाबाईचा! बारा किलो मिरची, हळकुंडं, सगळा वर्षाचा मसाला. मी म्हटलं, "अहो, तुमच्या घरचा डंका असताना?" तर म्हणते, "देवी माजे चुलीवर बसलीय. तिचे दारान नको येऊ?" नाथाभाऊ नाक्यावर उभा राहून बघत होता. दुपारी तो आला, ह्यांना बाजूला घेतलं. म्हणाला, "यतीनशेठ, माजा डंका तसापन खिळखिळा झालाय. मसाला तुमी करा, गहू माजेकडं पाठवा." मी आतून चहा पाठवला, साखर घालून.

डोंगरीहून रोझी नावाची एक ख्रिस्ती बाई आली, दोन बस आणि पूल करून. पर्समधून आमची पत्त्याची पट्टी काढली, कात्रीने सरळ कापलेली. "देवी आमच्या बाजूवालीला दिली," म्हणाली, "पट्टी मी ठेवली. मला पट्टीचं काम होतं." तिच्या मसाल्यात पंचवीस जिन्नस होते. सगळा गाळा दिवसभर घमघमत होता.

वसईच्या गृहस्थांना ह्यांनी 'डंका विकायचा नाही' असं कार्ड टाकलं.

शुक्रवार, ६ मे

खोली मिळाली. गाळ्यापासून चार मिनिटांवर, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. नळ जिन्यात आहे, पण खिडकी मिठागरांच्या बाजूला उघडते, वारा स्वच्छ. खिडकीत उभी राहून मुद्दाम मोठा श्वास घेतला. तिखट नाही. अनामत ह्यांनी आजच दिली. देवीचं एक पोस्टर ठेवलं होतं, ते आधी लावलं, ह्या वेळी घट्ट खळ करून. निघणार नाही.

ताईंना लिहायला बसले आणि तीनदा पान फाडलं. त्यांच्या दोन एप्रिलच्या कार्डाला मी उत्तरच दिलेलं नाही. त्यांनी महिनाभर वाट पाहून नाव घातलं असेल तर त्यांची चूक कशी म्हणू? आणि मानसीला तिथे पिल्लू आहे, खिळे ठोकून दिलेली भिंत आहे. वर्षभर न बघितलेली आई कशी वाटेल तिला? माझ्या गरजेला तिची इच्छा तर म्हणत नाही ना मी?

मंगळवार, १० मे

ताईंचं पाकीट आलं, जाडजूड. ते ह्यांच्याकडून उघडवून घेतलं.

"चि. सौ. मनोरमा हिस आशीर्वाद. निकाल लागला. मानसी वर्गात तिसरी. तुझं उत्तर नाही, तेव्हा काल तिला फॉर्म भरायला बसवलं. म्हटलं, मोठी झालीस, तुझ्या अक्षरात लिही. ती लिहीत होती तोवर मी भाकरी करत होते. येऊन बघते तर काय ते सोबत पाठवते, तूच बघ. मी रागावले. खोड म्हटलं, तर म्हणते, शाईने लिहिलंय आत्या, खोडता येत नाही. फॉर्म वाया गेला. दुसरा आणायला मला सवड नाही."

फॉर्म बघितला. विद्यार्थ्याचं नाव नीट. जन्मतारीख नीट. 'राहण्याचा पत्ता' ह्या रकान्यात, ओळीबाहेर जाऊ नये म्हणून बारीक केलेल्या अक्षरांत:

श्री अन्नपूर्णा मसाला कांडप केंद्र, पिंपळाजवळ, गोडदेव नाका, भाईंदर (पूर्व), ४०११०५. रविवारी चालू.

हे उठून डंक्यापाशी गेले आणि पाठ करून, पुसलेलाच डंका पुन्हा पुसू लागले.

एक कळलं नाही. हायस्कूल ताईंच्या दारासमोर आहे. शिपाई त्यांना ओळखतो. दुसरा फॉर्म आणायला सवड नाही म्हणजे काय? ताईंना सवड नाही असं कधी झालेलं मी ऐकलं नाही.

लगेच पत्र लिहिलं. नक्कल इथे ठेवते.

"ती. ताईंस सा. न. वि. वि. आपलं पत्र आणि फॉर्म पावले. उत्तराला उशीर केला त्याची क्षमा असावी. चांगलं काही लिहिण्यासारखं होईपर्यंत हात चालत नव्हता.

खोली झाली आहे, गाळ्यापासून वेगळी. खोकल्याची भीती नाही. शाळेत हे उद्या जाऊन येतील. आपण वर्षभर मानसीचं केलंत ते मला हिशेबाच्या वहीत कुठे मांडता येत नाही, म्हणून मांडत नाही. एकच विनंती. तिला सोडायला आपण स्वतः यावं आणि पाऊस लागेपर्यंत तरी राहावं. खिडकीजवळची जागा आपल्या अंथरुणासाठी ठेवली आहे. यजमानांनाही आणावं. पिल्लू आणायचं असेल तर टोपलीला भोकं पाडून आणावं, चाळीत दोघींकडे कोंबड्या आहेत.

तिच्या अंथरुणाशेजारची देवी मात्र काढू नये. ती आपल्याच घरी राहू द्यावी. सुट्टीत मानसी तिथेच निजायला येणार आहे.

बोरिवलीला हे उतरवून घ्यायला येतील. कोणत्या दिवशी, कोणत्या एस.टी.ने निघता? पत्ता आपल्या भिंतीवर आहेच. उलट टपाली कळवावे."